कळण्याचा मालक

मुलांनो,

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी तिकडे परदेशातल्या दुकानात काढलेला फोटो मिळाला. हातात कळण्याच्या पिठाचं पाकीट, दोघांचे हसरे चेहरे आणि खाली लिहिलेलं, ‘आजी, बघ, आपला कळणा इथेसुद्धा मिळतो!’ मी उत्तर पाठवलं नाही. आजीला फोन नीट वापरता येत नाही असं तुम्हाला वाटलं असेल. येतो. पण उत्तर एका ओळीत मावणारं नव्हतं, म्हणून वही घेऊन बसले. ते पाकीट ज्या माणसाच्या कारखान्यातून निघालं, त्याने तुमच्या गिरणीवाल्या आजीचं काय केलं आणि मग मी त्याचं काय केलं, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुमचे आईवडील म्हणतात, झालं गेलं सोडून दे. मी सोडलेलं नाही. तुम्ही आता कळत्या वयाचे आहात, तेव्हा आजी राग धरून बसू शकते हेही तुम्हाला कळायला हरकत नाही.

आधी कळणा म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही तो खाल्लाय, पण होताना पाहिला नाही. पूर्वी घरोघरी उडदाची डाळ जात्यावर भरडत. डाळ निघाली की खाली चुरा आणि टरफलं उरत. तो चुरा म्हणजे कळणा. फेकायचा कसा, म्हणून तो ज्वारीत मिसळून, मीठ घालून दळायचा आणि त्याची भाकरी थापायची. पुढे लोक सरळ अख्खे उडीदच ज्वारीत घालून दळून आणू लागले, नाव तेच राहिलं. धुळ्या-जळगावकडे असं घर सापडणार नाही जिथे हा शब्द माहीत नाही. खेड्यात तर ‘कयना’ म्हणतात, ‘ळ’ उच्चारण्याचे कष्ट घेत नाहीत.

तुमची गिरणीवाली आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा गेला तेव्हा धुळ्याच्या देवपुरातली पिठाची गिरणी तिने विकली नाही, स्वतः चालवायला घेतली. दळणाच्या डब्यांवर पोट भागेना, म्हणून ती कळणा दळून पाकिटात भरून विकू लागली. पाकीट साधं, पारदर्शक, आत हिरव्या शाईत छापलेली चिठ्ठी: ‘खान्देशी कळणा’. खाली गिरणीचा पत्ता. धुळ्यातली आणि जळगावातली काही दुकानं ते ठेवत. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुली येताजाता दहा-दहा पाकिटं नेत. त्या पाकिटांवर तिने घराला नवं छप्पर घातलं आणि मुलीला नर्सिंगला पाठवलं.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा सुरू होता होता, तिच्या माहेरच्या गावचा एक माणूस दुपारी गिरणीत आला. तिचं माहेर शिंदखेडा तालुक्यात. हा नात्याने तिचा लांबचा भाऊ. हातात पिशवी, पिशवीत भरताची हिरवी वांगी आणि शेंगा. म्हणाला, “अक्का, दादानं वानोळा धाडलाय.” वानोळा म्हणजे शेतात आलेलं पहिलं पीक आपल्या माणसांकडे पाठवायचं ते. माहेरचा वानोळा आला की बाईचं काय होतं, ते तुम्हाला लिहून कळणार नाही. तिने गिरणी थांबवली, त्याला खुर्ची दिली, चहा ठेवला. चहा पिता पिता त्याने खिशातून कागद काढला. “एका कंपनीचं काम आहे, अक्का. कळणा विकणाऱ्या सगळ्यांची नावं लिहून घेताहेत. इथं सही कर.”

तिने केली.

पुढे मी तिला विचारलं, “अगं, कागद इंग्रजीत होता. मी तुझ्या दारापासून पंधरा मिनिटांवर राहते. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं मी. मला का नाही बोलावलंस?”

ती म्हणाली, “ताई, माहेरचं माणूस समोर बसलेलं. त्याच्यासमोर कागद वाचायला दुसऱ्याला बोलवायचं? म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही, असं तोंडावर सांगायचं?”

आमच्याकडच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. मीही केलं असतं, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी मान्य करता आलं. त्या माणसाला हे नेमकं ठाऊक होतं, आणि ज्याने त्याला पाठवलं त्याला तर त्याहून जास्त.

महिनाभरात दुकानांतून पाकिटं परत येऊ लागली. जळगावच्या एका दुकानदाराने सोबत पत्रही पाठवलं. जळगावातल्या एका मोठ्या मसाले-पिठाच्या कंपनीने सगळ्या दुकानांना लिहिलं होतं की ‘कळणा’ हा आमचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, दुसऱ्या कोणाचा कळणा ठेवाल तर कारवाई करू. आणि पुरावा म्हणून माझ्या जावेने सही केलेल्या कागदाची प्रत जोडली होती.

मी तो कागद तिच्या ओट्यावर बसून वाचला. हा शब्द कंपनीच्या मालकीचा आहे हे मी मान्य करते. मी आजवर तो चोरून वापरला. यापुढे कधीही वापरणार नाही. वापरला तर नुकसानभरपाई देईन. खाली तिची सही, शाळकरी, गोल. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि ती ऐकत राहिली. ‘चोरून’ म्हटलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

मग तिने सख्ख्या भावाला, दादाला, फोन लावला. बोलणं तीन वाक्यांचं झालं. फोन ठेवून म्हणाली, “ताई, दादानं काहीच पाठवलं नव्हतं. वांगी बाजारातली होती.”

खरं सांगते, सही फसवून घेतली हे मी कदाचित पचवलं असतं. जगात फसवणूक होते. पण बाजारातून वांगी विकत घेऊन ती माहेरची म्हणून एका विधवेच्या हातात ठेवायची, हे मला पचलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की ज्याने हे करवलं त्या कंपनीच्या मालकाला सोडायचं नाही. वकिलाला मी पुढे ‘न्याय’ वगैरे शब्द सांगितले. तुम्हाला सांगते, मला सूड हवा होता.

मी सुरुवात रीतीप्रमाणे केली. एसटीने जळगावला गेले, माझं माहेरच ते, आणि एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात जाऊन मालकाची गाठ घेतली. मालक पन्नाशीचा. जन्म माझ्या जावेच्याच गावचा, कारखाना निघाल्यावर जळगावकर झालेला. तासभर बाहेर बसवलं. उन्हातून आलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला कोणी पाणी विचारलं नाही. आत गेले तर तो इंग्रजीत बोलू लागला. मी मराठीत उत्तर दिल्यावर मराठीवर आला.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. त्यांना समजावून सांगा. ब्रँड बनवायला आम्ही आयुष्य घातलंय.”

“ब्रँड तुम्ही बनवला असेल. कळणा तुम्ही बनवला नाहीत.”

“नाव आमचं आहे. तिकडे बघा.” भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र लावलेलं होतं. “सरकारने दिलंय.”

“माझी जाऊ तुमच्या गावची आहे.”

“म्हणूनच तर माणूस पाठवला. नाहीतर नोटीस पाठवली असती.” आणि तो हसला. “सांगा त्यांना, पाकिटावर ‘मिक्स पीठ’ लिहा. काय फरक पडतो? पीठ ते पीठ.”

उठताना चष्मा पुसण्याच्या निमित्ताने चौकटीजवळ गेले आणि प्रमाणपत्राचा क्रमांक डायरीत लिहून घेतला. त्याला वाटलं, म्हातारी सर्टिफिकेट बघून गार झाली. मला दारापर्यंत सोडायलाही तो उठला नाही. ते बरं झालं. माणूस जरा जरी नीट वागला तर माझा राग निम्म्याने उतरतो, आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

धुळ्याच्या कोर्टात माझी एक जुनी विद्यार्थिनी वकिली करते. वर्गात ती फार बोलायची, मी तिला पुष्कळदा बाहेर उभी केली होती. तिने क्रमांक पाहिला, कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, “मॅडम, ही नोंद कोणालाही बघता येते. तुम्हीच वाचा, तुमचा विषय आहे.”

मी वाचलं. त्याला शब्द मिळालेलाच नव्हता. मिळालं होतं ते एक चित्र: लाल गोल, त्यात ज्वारीचं सोनेरी कणीस, वळणदार अक्षरं. नोंदीखाली स्पष्ट अट होती की ‘कळणा’ या शब्दावर अर्जदाराचा एकट्याचा कोणताही हक्क राहणार नाही. शब्द मालाचं साधं वर्णन करणारा आहे, हा आक्षेप ट्रेडमार्क कार्यालयाने आधीच काढलेला होता. त्या आक्षेपाला त्याने दिलेलं उत्तरही तिथेच होतं. सही त्याची स्वतःची.

त्यात लिहिलं होतं: हा शब्द अर्जदाराने स्वतः विचार करून तयार केला आहे. कोणत्याही भारतीय भाषेत त्याला अर्थ नाही.

मी दोनदा वाचलं. मग इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरचे वकील वळून बघू लागले. माझी विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, वर्गातून बाहेर काढीन हं.”

कार्यालयाने त्याचं उत्तर मानलं नव्हतं, म्हणून तर ती अट आली. म्हणजे जे आपलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ते आपलं म्हणून तो दुकानांना धमकावत होता. आणि ते आपलं आहे असं त्याच्या हातात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं: माझ्या जावेच्या सहीच्या कागदावर. नोंदणीतून जे मिळालं नाही ते त्याने वांगी पाठवून मिळवलं होतं.

मी जावेला म्हटलं, “पाकिटं भर. तसंच नाव लिही. विक.” तिने विकली. पंधरवड्यात त्याने धुळ्याच्या कोर्टात दावा लावला की या बाईने करार मोडला, हिची विक्री थांबवा. पहिली तारीख आखाजीनंतरच्या आठवड्यातली होती.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, “अट आपल्या बाजूने आहे. पण तो म्हणेल, इतकी वर्षं विकून लोकांच्या मनात हा शब्द आमचाच झालाय, आणि ही बाई स्वतःच्या सहीने तसं कबूल करते. त्या एका सहीसमोर आपल्याला पुष्कळ सह्या हव्यात. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या बायका, प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र की हा शब्द आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. आठ दिवसांत खान्देशभर फिरायचं म्हटलं तर कसं जमायचं?”

मी म्हटलं, “फिरायचं कशाला? आखाजीला सगळ्या एका जागी येतात.”

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला एक वेळ मुलगी माहेरी जाणार नाही, पण आखाजीला जातेच. चोपड्याची, पाचोऱ्याची, साक्रीची, शिरपूरची, अमळनेरची, जिथे जिथे दिली असेल तिथून प्रत्येक लेक त्या दिवशी बापाच्या गावात असते. झाडांना झोके बांधलेले असतात आणि दिवसभर बायकांचंच राज्य. मी गाव निवडलं ते विचार करून. जावेचं माहेर. म्हणजेच मालकाचं गाव.

जावेला म्हटलं, “चल.”

“मी नाही येणार, ताई.” ती दळणाचा डबा पुसत होती. “मला तिथं तोंड दाखवायला जागा नाही. सगळ्या म्हणतील, हीच ती, वांग्यांवर सही करणारी.”

“मग मी जाते.”

“जावेच्या माहेरी आखाजीला? लोक हसतील.”

“हसू देत. हसणाऱ्या बाईची सही लवकर मिळते.”

ती म्हणाली, “एक ऐका. त्याची आई आहे गावात. म्हातारी आहे. तिच्याकडे जाऊ नका.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मी छापील मसुदे, कार्बन, शाईचे पॅड, टाचण्या, सगळं खोक्यात लावून, तालुक्याप्रमाणे रंगीत चिठ्ठ्या चिकटवून नेलं. नोटरीचीही सोय झाली होती. शिंदखेड्याचा एक नोटरी त्या गावचा जावई निघाला. तो आखाजीचा पाहुणचार घ्यायला आलेला, त्याला जावेच्या भावाने लिंबाखाली टेबल टाकून बसवलं. आमरसाचा वास घरातून येत होता आणि तो बिचारा शिक्के मारत होता. बायका म्हणत, “जावईबापू, पहिले शिक्का, मंग पुरनपोयी!”

पहिल्या काही जणींना मी काय करते आहे तेच कळेना. एक म्हणाली, “ताई, कयना म्हणजे कयना. यामा लिखासारखं काय शे?” मी त्यांना मालकाचं उत्तर मराठीत वाचून दाखवलं. कोणत्याही भाषेत अर्थ नाही. जो हशा उठला, त्याने झोक्यावरच्या पोरीही उतरून आल्या.

त्यानंतर रांगच लागली. प्रत्येकीला मी विचारायची, तुमच्याकडे कळणा कसा करतात? आणि तिथे भांडणं सुरू झाली. चोपड्याची म्हणे चार भाग ज्वारीला एक भाग उडीद. साक्रीची म्हणे इतके उडीद कोण घालतं? अमळनेरची त्यात मेथ्या घालणारी, तिच्यावर तर सगळ्या तुटून पडल्या. एक म्हातारी चोपड्याच्या भाचीला म्हणाली, “इतला उडीद? तुन्हा सासरले पैसा जास्ती व्हई गया वाटस!” मी विद्यार्थिनीला फोन करून विचारलं, यांचं एकमत होत नाही, काय करू? ती ओरडलीच, “मॅडम, भांडण जसंच्या तसं लिहून घ्या! प्रमाण प्रत्येकीचं वेगळं आणि नाव सगळ्यांचं एक, याहून काय पाहिजे?”

तो वांगीवाला गावातच होता. चार वाजता पारावरून जाताना त्याने आमच्याकडे न बघण्याची फार खटपट केली. एकीने हाक मारली, “काय भाऊ, आज काय लयनात? वांगा का कागद?” मग सगळ्याच. आखाजीला बायकांनी कोणाच्याही नावाने गाणं रचलं तर त्याने ते ऐकून घ्यायचं असतं, ही आमच्याकडची रीत. त्याच्या नावाने झोक्यावर जे गाणं झालं, ते मी तुम्हाला लिहून पाठवणार नाही. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, मी फक्त कागद पोचवला.”

“आणि वांगी?” मी विचारलं.

तो मोटारसायकलला किक मारून गेला. मी त्या गाण्याचं दुसरं कडवं होईपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवलं. इतका सुखाचा अर्धा तास मी अलीकडे अनुभवलेला नाही.

ऊन उतरल्यावर मी उठले आणि मालकाच्या आईच्या घरी गेले. होय, गेले. जावेने नको म्हटलं होतं, तरी गेले. आईला मधे आणू नये हे मलाही कळतं. पण मला त्या माणसाच्या अगदी वर्मावर बोट ठेवायचं होतं, आणि ते कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

म्हातारी ओट्यावर बसली होती. मुलगा जळगावला ये म्हणतो, पण ही गाव सोडत नाही. मी कोण, कशासाठी आले, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ज्या तऱ्हेने माझ्या जावेची सही घेतली त्या तऱ्हेने मला हिची घ्यायची नव्हती. तो माझा मोठेपणा नव्हता. फसवून घेतलेली सही त्याला पुढे खोडता आली असती. मी तिच्या मुलाचं उत्तर वाचून दाखवलं.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं.

“हाई मन्हा आंडोरनी लिखं?”

“हो, तुमच्या मुलानेच. खाली सही त्यांचीच आहे.”

तिने हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मंग मी त्याले इतला वरीस काय खावाडं?”

मी म्हटलं, “मावशी, तुमची सही कोर्टात जाईल. तुमच्या मुलाच्या विरुद्ध जाईल.”

“खरं शे ना?”

“खरं आहे.”

“मंग जाऊ दे. सही कथा करू?”

मी बोटाने जागा दाखवली आणि तिने एकेक अक्षर काढून सही केली. त्यात लिहिलं होतं की माझी सासू आणि माझी आई कळणा करत, मीही करते, आणि माझ्या मुलाला मी लहानपणापासून कळण्याचीच भाकरी खाऊ घातली. तिने मला पाणी दिलं. त्या घरातलं पाणी मला अशा रीतीने मिळालं.

आमची प्रतिज्ञापत्रं त्याच्या वकिलाला मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालक स्वतः धुळ्याला आला. जळगावहून गाडी घेऊन, सरळ माझ्या घरी. मी त्याला पाणी दिलं. आमच्याकडे देतात.

“काकू,” तो म्हणाला. मॅडमची मी काकू झाले होते. “घरातल्या बाईला कशाला ओढलंत कोर्टात?”

“तीही घरातलीच बाई होती, जिच्याकडे तुम्ही वांगी पाठवलीत.”

“माझी आई माझ्याशी बोलत नाही.”

“माझी जाऊ माहेरी जात नाही.”

तो म्हणाला, दावा मागे घेतो, पाकिटं विकू देत, आम्ही परवानगी लिहून देतो. मी म्हटलं, परवानगी नको. परवानगी घेतली म्हणजे शब्द तुमचा झाला. दावा कोर्टातून मागे घ्या, सहीचा मूळ कागद परत करा आणि ज्या ज्या दुकानांना पत्रं लिहिलीत त्यांना दुसरं पत्र लिहा की आधीचं चूक होतं.

“ठीक आहे. वकिलाबरोबर पाठवतो.”

“नाही. कागद तुम्ही स्वतः आणायचा. सकाळी दहा वाजता, गिरणीवर. आणि तिला वाचून दाखवायचा. मराठीत. तेव्हा वाचला नव्हता कोणी.”

“काकू, दहाला तिथं गर्दी असते.”

“म्हणून तर दहा.”

“हे बदला घेणं झालं.”

“झालंच,” मी म्हटलं.

त्याने चार दिवस लावले. दोन वेळा वकील पाठवला, एकदा गावचा एक प्रतिष्ठित माणूस. मी कोणाचं ऐकलं नाही. जाऊ मला म्हणाली, “ताई, पुरे करा आता. पाकिटं विकली जाताहेत ना?” मी तिचंही ऐकलं नाही. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो आला.

सकाळचे दहा. गिरणीपुढे डब्यांची रांग, पीठ उडतंय, पट्टा फडफडतोय. तो पांढऱ्या कपड्यांत उभा. जावेने मोटर बंद केली. एकदम शांत झालं. त्याने कागद काढला आणि वाचू लागला. आवाज बारीक होता. रांगेतली एक बाई म्हणाली, “जरा मोठ्यानं भाऊ, इथपर्यंत येत नाही.” त्याने मोठ्याने वाचलं. हा शब्द कंपनीच्या मालकीचा आहे. मी आजवर तो चोरून वापरला. ‘चोरून’वर तो अडखळला. मी त्याच्याकडे बघत होते आणि नजर काढली नाही.

वाचून झालं. त्याने कागद तिच्याकडे दिला. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, रडेल, नाहीतर त्याला माफ करून चहा विचारेल. ती तशीच आहे, मला भीती वाटत होती. तिने कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये खोचली आणि त्याच्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, “दळण आणलंय का, भाऊ?”

तो म्हणाला, “नाही.”

“मग बाजूला व्हा. मागं बाया खोळंबल्यात.”

आणि तिने मोटर सुरू केली.

पिठाने पांढरा झालेला तो गाडीकडे गेला. मी त्या वेळी हसले, आजही आठवलं की हसते. हे चांगल्या माणसाचं लक्षण नाही, असं तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते.

आता खरं काय ते सांगून टाकते. दावा त्याने मागे घेतला, दुकानांना दुसरी पत्रं गेली, पण त्याचं काही फार बिघडलं नाही. कारखाना चालू आहे, पाकीट तुमच्या देशापर्यंत पोचलं आहे, आणि चित्राची नोंद त्याच्याच नावावर आहे. त्याची आई त्याच्याशी पुन्हा बोलू लागली, आयांचं तसंच असतं. जाऊ अजून माहेरी गेलेली नाही. म्हणते, वानोळ्याची पिशवी दिसली की हात मागे जातो. ते मला परत मिळवून देता आलं नाही. मालकाच्या आईला मी मधे आणलं, यावरून जाऊ माझ्याशी दोन महिने नीट बोलत नव्हती. तिचं बरोबर होतं. तरी मी पुन्हा तेच करीन.

देवपुरातली गिरणी चालू आहे. सोमवारी बंद असते. पाकिटावरची शाई हिरवीच आहे, आणि तिच्यात लिहिलं आहे: खान्देशी कळणा.